गुरुदास मास्तरांचं अक्षर

१ जानेवारी १९५८

कट्टा गावच्या दुकानदाराने गुरुदासला नव्या सालाची वही दिली. पानापानावर तारीख छापलेली आहे म्हणे. गुरुदास म्हणजे माझा झील, माझा मुलगा, आमच्या शाळेचा मास्तर. संध्याकाळी तो मोठ्या माणसांनाही अक्षरं शिकवतो. सगळा गाव सही करायला शिकला, एकटी मास्तरांची आवस, म्हणजे मी, अंगठा उठवते, म्हणून त्याला लाज वाटते. मी म्हटलं, घरात विहीर असताना मी कळशी घेऊन नदीवर कशाला जाऊ? शेवटी असं ठरलं की रोज दिवेलागणीच्या आधी मी बोलायचं आणि त्याने लिहायचं.

मी बोलते मालवणीत. तो ते धुऊन, घडी घालून पुस्तकी करतो. करू दे. माझी चूक निघाली तर तीही लिही, एवढं बजावलं आहे.

त्याचं अक्षर मला वाचता येत नाही, पण बघता येतं. गुळाच्या ढेपेकडे निघालेली मुंग्यांची ओळ, एकही मुंगी रांग सोडत नाही. लग्नाच्या पत्रिका आणि कचेरीतले अर्ज गाव त्याच्याकडूनच लिहून घेतो. हे लिहायला तो लाजतोय. लिही.

१९ जानेवारी

आज तिसरा दिवस, सकाळी उठल्या उठल्या मास्तरांना ओकारी. एकदा ओकला की चहा पिऊन शाळेला जायला मोकळा. मी सरलाला, म्हणजे सुनेला, म्हटलं, "कावेरी आठ वर्सांची झाली. डोहाळे तुका लागूचे ते ह्येका लागले." सरला पदर तोंडाला लावून हसली. गुरुदास नाही हसला. डोकं दुखतं म्हणाला. आता लिहिताना मात्र हसतोय.

८ फेब्रुवारी

मुंग्यांच्या कुर्ल्या झाल्या. आधी मी पोटभर बोलले तरी पानाखाली जागा उरायची. आता चार गोष्टी सांगितल्या की पान संपतं. एक अक्षर वर, एक खाली, ओहोटीच्या वाळूत पळणाऱ्या खेकड्यांसारखी. विचारलं तर म्हणतो, टाक नवा आहे. टाक नवा असेल, हात तर जुनाच आहे ना?

चालतानाही बागेच्या दगडी गडग्याला उजवा हात लावून चालतो. मी म्हटलं, सोड त्याला, तुझ्या आज्याने बांधलेला गडगा आहे, पडायचा नाही.

२१ फेब्रुवारी

आज मास्तरांचा टाक सारखा थांबतो. लिही. तुझ्याबद्दल आहे तरी लिही.

दाजी आले होते. सातेरीच्या देवळाचे मानकरी, गावाचं बरंवाईट देवीच्या कानावर घालणारे. म्हणाले, मास्तर काल दिवसाउजेडी साकवावरून ओहोळात पडले. उठवायला गेलेल्यांशी बोलले ते जड जिभेने. शिरोड्याला बहिणीकडे त्यांच्या फेऱ्या असतात, आणि तिथल्या वाळूत गोव्याच्या बाटल्या पुरलेल्या असतात. सरकारने दारूबंदी केली, पण समुद्राला कोणी सांगितलं नाही.

दाजी गेल्यावर मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. लहानपणी साय चोरायचा तेव्हा घ्यायचे तसा. लवंगेचा वास आला. माणूस लवंग कशाला चघळतो, ते याच्या बापाबरोबर वीस वर्षं काढलेल्या बाईला शिकवायला नको. हा म्हणतो, मळमळतं म्हणून. बापही तेच म्हणायचा.

४ मार्च

उद्या होळी. त्याआधीच हिशेब मिटवायचा म्हणून आज त्याला सातेरीकडे नेलं. सगळे गावकर जमले होते. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "आई सातेरी, ह्या तुझ्या लेकरान आजपासून दारू सोडल्यान. पुन्ना तेचो पाय वाकडो पडलो, तर काय ता तू बघ." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

गुरुदासने नारळाला हात लावायचा होता. हात नारळाच्या बाजूने गेला, परत आला, मग लागला, आणि नारळ घरंगळला. "सोडली," एवढंच तो म्हणाला. मी मनात म्हटलं, किती दिवसांनी खरं बोलतोय, हात अडखळणारच.

आज मला फार हलकं वाटतंय. सोडायची गोष्ट कुठली ते सापडलं, की निम्मं काम होतं.

(आई गाईला वैरण घालायला गेली आहे. हे तिचे नाही, माझे. मी आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही. पण पितो म्हटले तर सोडता येते. पीत नाही म्हटले, तर असा का चालतो ते सांगावे लागते, आणि ते मला माहीत नाही. उजवा हात आणि उजवा पाय ऐकत नाहीत. डावे ठीक आहेत. डोके मागच्या बाजूने दुखते, पहाटे जास्त. कुठेतरी लिहून ठेवावे म्हणून लिहिले. गु.)

६ एप्रिल

अकरा दिवस वही उघडली नाही. मी याच्याशी बोलत नव्हते.

फळ्यावर लिहिता लिहिता शाळेत पडला. पोरं हसली. एक पोर घरी जाऊन बापाला सांगतं, बाप दाजींना सांगतो, आणि शाळाखात्याच्या साहेबाचं पत्र येतं की मास्तरांनी काही दिवस घरी बसावं. देवीसमोरची शपथ महिनाभरही टिकली नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाने निदान शपथ तरी घेतली नव्हती.

त्याचं ताट मी वाढायचं सोडलं आहे, सरला वाढते. तरी आज दिवेलागणीला वही घेऊन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "आये, सांग." निर्लज्ज तो निर्लज्ज. एका पानावर सहा ओळी मावल्या, त्याही एकमेकींच्या अंगावर पडलेल्या.

(माझे. आता एकाच्या जागी दोन दिसतात. आई दोन दिसतात, दोघीही रागावलेल्या. एक डोळा मिटला की एकच उरते, तीही रागावलेलीच. सरलाला सांगितलेले नाही. ती घाबरेल. कदाचित उन्हाळ्याने असेल. गु.)

२२ मे

मालवणच्या डॉक्टरांकडे तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पित्त निघालं, दुसऱ्या खेपेला जंत, तिसऱ्या खेपेला अशक्तपणा आणि बाटलीभर औषध. चौथ्यांदा गेलो असतो तर बाळंतरोग निघाला असता. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, दारूने होतं का असं? म्हणाले, होऊ शकतं.

आज मुंबईची शेवटची बोट गेली. आता पाऊस संपेपर्यंत बंदर बंद. भोंगा वाजला तेव्हा सरला अंगणात उभी होती. ह्यांना घेऊन गेलो असतो तर, म्हणाली. मी म्हटलं, पित्तासाठी मुंबई?

१८ जून

आजपासून अक्षर सरलाचं. मास्तरांच्या हातातून टाक तीनदा पडला. चौथ्यांदा मीच उचलून सुनेच्या हातात दिला. हिचं अक्षर गोल आहे, ओल्या सुपाऱ्या मांडल्यासारखं.

पण लगेच लिहायला लागली नाही. आधीची पानं कशी लिहिली आहेत ते बघते म्हणाली आणि उलटत बसली. बसली ती बसलीच. डोळे पुसले. मी म्हटलं, धूर गेला काय गो डोळ्यात? चूल तर विझलेली होती.

मग वही मिटून म्हणाली, "माई, मी उद्या ह्येंका कोल्हापूराक न्हेतंय. तुमी येवा नायतर रव्हा."

अकरा वर्षांत ही मला विचारल्याशिवाय नारळ फोडत नव्हती. मी विचारलं, वहीत एवढं आहे काय? म्हणाली, तुम्ही सांगितलेलंच आहे. हिला खोटं बोलता येत नाही, पण मी ओढून विचारलं नाही. सरला, हेही लिही, ओढून विचारलं नाही म्हणून.

२४ जून, कोल्हापूर

कावेरीला शिरोड्याला शेवंतीकडे, म्हणजे तिच्या आत्याकडे ठेवलं. एस.टी.त घाट संपेपर्यंत गुरुदास ओकत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फार दिवसांनी घेतलं. जड लागलं.

इथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. दोन दोन दिसतात हे सरलाने त्यांना सांगितलं. तिला कधी कळलं, कोण जाणे. मला चष्मा लागेल असं वाटलं होतं. त्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि छोटा दिवा धरून डोळ्यांच्या आत कितीतरी वेळ बघितलं. मग विचारलं, दारू घेतात का? मी म्हटलं, घेतो. सरला म्हणाली, "नाही. कधीच नाही." माझ्यासमोर, माझ्या तोंडावर.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागे सूज आहे, डोक्यात दाब वाढला आहे, आजच मुंबईची गाडी पकडा. डोळ्यात बघून डोक्यातलं कळतं, हे मला माहीत नव्हतं. मी तर रोज त्याच्या डोळ्यात बघत होते.

१२ जुलै, मुंबई

सरलाचा भाऊ सत्यवान परळला गिरणीत आहे. त्याच्या खोलीत आम्ही दोघी, आणि गुरुदास इस्पितळात. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढायचं ठरलं होतं. पण डोळे बघून मोठ्या डॉक्टरांनी ते थांबवलं, तसं केलं तर जिवावर बेतेल म्हणाले. मग डोकं भादरलं, कवटीला दोन भोकं पाडली, आत हवा भरली आणि फोटो काढले. त्याला दोन दिवस डोकं उचलवत नव्हतं. मी पाय चेपत बसले. दुसरं काही येत नाही मला.

आज डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली, कुठल्या बाजूने? मी म्हटलं, शिमग्याच्या आधी, चारी बाजूंनी. सरलाने पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली.

एवढा शिकलेला माणूस, पण वही माझ्यासारखीच बघायला लागला. वाचेना. जानेवारीचं पान उघडून, हात लांब करून बघितलं. मग फेब्रुवारीचं, मग एप्रिलचं. मुंग्या आणि कुर्ल्या त्यालाही दिसल्या. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. मला बरं वाटलं. नंतर सरलाने दोन ठिकाणी बोट ठेवलं, ते मात्र त्यांनी वाचलं. वाचून माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते कळलं नाही. केस नीट नव्हते म्हणून असेल, मी पदर घेतला.

म्हणाले, मोठ्या मेंदूच्या मागे, खाली, एक छोटा मेंदू असतो. हातापायाचा तोल तो सांभाळतो. त्यात उजव्या अंगाला गाठ आहे. कसली, ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

१९ जुलै, मुंबई

उघडलं. सकाळी आठला आत नेला, दुपार उलटून गेल्यावर बाहेर आणला. गाठ सगळी निघाली नाही. जेवढी निघाली तिचा तुकडा भिंगाखाली बघितला. एकाने बघितला, मग दुसऱ्याने, मग तिघे-चौघे वाकून बघत होते म्हणे, खात्री होईना म्हणून. सरलाने चिठ्ठीवरून नाव उतरवलं आहे, मेड्युलोब्लास्टोमा. मला ते गोव्याच्या एखाद्या पाद्र्याचं नाव वाटलं. कर्करोगाच्याच जातीचं आहे.

डॉक्टर म्हणाले, ही गाठ लहान मुलांत होते, आणि तीही मधोमध. अडतीस वर्षांच्या माणसात, अशी एका अंगाला, आम्ही क्वचितच बघतो. मी म्हटलं, "माझ्यासाठी तो अजून लहानच आसा. पण ह्या तुमच्या गाठीक कोणी सांगल्यान?" ते हसले नाहीत. मलाही हसायचं नव्हतं, तोंडाला सवय आहे.

मग विचारलं, होळीच्या वेळी आणला असता तर? ते हात धूत होते. बराच वेळ धुतले. म्हणाले, "आजी, तेव्हा गाठ लहान असती. आम्हालाही कदाचित ओळखता आली नसती." या वाक्याची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, ते मी अजून शोधते आहे. आता किरण देणार, डोक्याला आणि पाठीला, रोज थोडे.

२ सप्टेंबर, मुंबई

आज सत्यवानच्या शेजारणीला मी सांगत होते, दारूने केलं सगळं, शपथ पाळली असती तर. सरला भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानेच वही घेऊन आली आणि शेजारणीला म्हणाली, तुम्ही जरा घरी जा.

मग तिने वाचलं. होळीच्या आदल्या दिवसाचं, माझ्या बोलण्याखाली त्याने आपलं म्हणून लिहिलेलं. आणि एप्रिलमधलं, दोन आया दिसतात ते. दोघीही रागावलेल्या.

घर सोडल्यापासून रोज रात्री ती वही माझ्या उशाखाली होती. कोणी चोरू नये म्हणून मी तिच्यावर डोकं ठेवून झोपत होते. हात ऐकत नाही, डोकं मागून दुखतं, सगळं तारखेसकट लिहिलेलं. आणि मी वर तोंड करून देवीला विचारत होते, ह्याचं काय करू?

सरलाला विचारलं, तू जूनमध्येच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही प्रायश्चित्त म्हणून कोल्हापूरपर्यंत चालत आला असता, आणि मला तुम्ही धड हव्या होत्या.

आज एवढंच.

१९ ऑक्टोबर

बोटीने घरी आलो. किरण देऊन झाले. डॉक्टरांनी पुन्हा यायची तारीख दिली नाही, घरी ठेवा म्हणाले. गुरुदास उताणा असतो. एक एक अक्षर सुटं करून बोलतो. घास मी भरवते.

आज सातेरीकडे गेले. दाजींना म्हटलं, शपथ मागे घ्यायची आहे. ते म्हणाले, असलं गाऱ्हाणं आमच्यात नाही. घातलेली शपथ माघारी येत नाही. मी म्हटलं, मग नवं घाला. ते देवीसमोरून बाजूला झाले. तेव्हा मी स्वतःच पुढे झाले. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"आई सातेरी, माझो झील पियत नव्हतो. ती शपथ मी घालूक लावलंय. तेचो पाय वाकडो पडलो तो दुखण्यान. काय बघूचा आसात ता माझ्याकडे बघ."

होळीला ओरडून साथ देणारे सगळे तिथेच होते. मग मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग आणखी दोघांनी. दाजी सगळ्यांच्या शेवटी म्हणाले, पण म्हणाले.

घरी येऊन गुरुदासला सांगितलं. ऐकलं असावं. डोळे मिटून होता.

७ नोव्हेंबर

दिवाळी तीन दिवसांवर आली. आज गुरुदास जरा जागा होता. सरलाकडे बोट केलं, मग वहीकडे. म्हणाला, "आये. सांग. मी लिवतंय."

सरलाने पाटावर वही धरली, टाक त्याच्या बोटांत बसवला. आयुष्यभर हे तोंड थांबलं नाही, ते नेमकं तेव्हा थांबलं. शेवटी म्हटलं, "लिव, गायीन आज दूध बरा दिल्यान."

त्याने लिहिलं. कितीतरी वेळ लिहिलं, जीभ दातात धरून, पहिलीत होता तसा. मग टाक सुटला आणि त्याला झोप लागली.

मी सरलाला विचारलं, काय लिहिलंय? तिने वही उजेडाकडे नेली. बघत राहिली. मग वाचलं, "गाईने आज दूध चांगले दिले. आता माझे ताट आई वाढते. माझा कोणावरही राग नाही."

मी वही मागून घेतली. पानाच्या मधोमध एक रेघ निघते, उजवीकडे खाली खाली जाते आणि पानाबाहेर चादरीवर उतरते. मला अक्षरं येत नाहीत. पण वर्षभर ही वही मी बघते आहे. एवढ्याशा रेघेत एवढं मावत नाही, इतकं मला कळतं.

"बरा लिवल्यान," मी म्हटलं.

सरला, थांबलीस कशाला? हेही लिही.